लीनमधला आठवडा: सासरचं गाव, आइस्तेदवॉद आणि बंद घरं

शनिवार

बर्मिंगहॅमहून सकाळी सातला निघालो. 2023 चा ऑगस्ट, मुलांच्या सुट्ट्या लागलेल्या, आणि त्या वर्षी राष्ट्रीय आइस्तेदवॉद, म्हणजे वेल्सचं सगळ्यात मोठं साहित्य-संगीताचं संमेलन, थेट वायव्य वेल्सच्या लीन द्वीपकल्पावर, बोद्यानला भरणार होतं, आमच्या सासरच्या गावापासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. हे संमेलन दरवर्षी गाव बदलतं, एक वर्ष उत्तरेला एक वर्ष दक्षिणेला, त्यामुळे आपल्या दारात येणं म्हणजे आयुष्यात एक-दोनदाच. सासूबाई मे महिन्यापासून फोनवर तेवढंच बोलत होत्या.

त्याच दिवशी अँटोनी वादळ येऊन धडकलं. लँगोलेनपर्यंत वायपर थांबलाच नाही. बाला गाव मागे टाकलं की रस्ता केलिन तलावाच्या काठाने जातो, तिथे आम्ही नेहमी थांबतो, थर्मासमधला चहा पितो. या पाण्याखाली कापेल केलिन नावाचं गाव आहे. 1965 मध्ये लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून त्रिवेरिनच्या खोऱ्यात धरण बांधलं आणि शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, दफनभूमी, शेतं सगळं गेलं. वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा विरोध होता, तरी लंडनच्या पार्लमेंटने कायदा पास केला. लिव्हरपूलने माफी मागितली ती थेट 2005 मध्ये. कोरड्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंतींचे दगड वर दिसतात. त्या दिवशी पाऊस एवढा होता की समोरचा काठही दिसत नव्हता, पण लेकीने गाडीतून उतरून तिथल्या स्मारकाच्या भिंतीपर्यंत जायचंच म्हटलं, तिच्या शाळेत यावर्षी नद्यांचा प्रोजेक्ट होता आणि त्यात धरणांचे फक्त फायदे लिहून घेतले होते. भिजून परत आली आणि पुढचा तासभर बापाला प्रश्न विचारत बसली.

पुढे त्राउसवनिद, पोर्थमडॉग, क्रिकिएथ, पुल्हेली. पुल्हेली म्हणजे रेल्वेचं शेवटचं स्टेशन, त्यानंतर लीनचं टोक सुरू होतं. रस्ते एवढे अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी रिव्हर्स घ्यायचाच. दोन्ही बाजूंना दगडमातीचे उंच बांध, त्यावर नेचे आणि पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. मुलं इथे पोचली की आपोआप वेल्श बोलायला लागतात, आजी-आजोबांना इथे नाइन आणि टाइड म्हणतात, गाडी अंगणात वळायच्या आधीच धाकटा खिडकीतून नाइन नाइन ओरडत होता.

सासूबाईंनी लोबस्गाउस करून ठेवलेलं. मटण, बटाटे, गाजर, सलगम सगळं एका मोठ्या पातेल्यात मंद आचेवर शिजलेलं, सोबत ब्रेड आणि लोणी. प्रवासाने दमून आलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं जेवण नाही असं माझं ठाम मत आहे.

रविवार

घरात गाई आहेत, त्यामुळे रविवार असो की ख्रिसमस, पहाटे पाचला अंगणात दिवा लागतो. सासरे आता निवृत्त, शेत दीर आणि जाऊबाई बघतात. धाकट्याला वासरांना दूध पाजायचं असतं म्हणून तो न उठवता उठतो, जे बर्मिंगहॅमला शाळेसाठी कधीच घडत नाही. इथलं दूध खुईलोगजवळच्या डेअरीला जातं. ती शेतकऱ्यांची सहकारी डेअरी आहे, 1938 साली सुरू झालेली, आजही शेतकऱ्यांच्याच मालकीची, चीज आणि लोणी करते. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा सासऱ्यांशी काय बोलावं हा प्रश्न होता, त्यांना इंग्रजीत गप्पा मारायची सवय नाही आणि मला तेव्हा वेल्श येत नव्हतं, तर आमचं गाडं चालू झालं ते वारणा, गोकुळ, फॅट आणि दुधाचा दर यावर. माझे मामा कोल्हापूरला दूध संघात होते, त्यामुळे मला फॅटचं गणित माहीत होतं. सासऱ्यांना ते फारच आवडलं.

दहाला चॅपल. आत शंभर-दीडशे माणसं बसतील एवढी बाकं आणि आम्ही धरून वीस-बावीस डोकी. पाद्री एकच, तो आळीपाळीने अनेक गावांत जातो. पण गायला सुरुवात झाली की वीस माणसांचा आवाज आहे हे पटत नाही, कारण प्रत्येकजण आपापली पट्टी धरतो, बायकांच्या दोन, पुरुषांच्या दोन. पुस्तकात सुरांच्या रेघा नाहीत, डो-रे-मीची अक्षरं छापलेली असतात, आपल्या सारेगमच्या वहीत असतात ना तशीच. शेतमजूर आणि खाणकामगारांनी याच अक्षरांवरून चार आवाजांत गाणं शिकलं. सासऱ्यांना कुणी गाणं शिकवलेलं नाही, पण खालचा सूर ते जन्मभर धरून आहेत. लेक यावर्षी पहिल्यांदा सासूबाईंच्या शेजारी उभी राहून दुसऱ्या आवाजात गायली, सासूबाई बोटाने ओळ दाखवत होत्या आणि मध्येच आपला आवाज बारीक करून तिचा ऐकत होत्या.

दुपारी भाजलेलं लँब, पुदिन्याची चटणी (व्हिनेगरवाली), बागेतले नवे बटाटे. मग सगळे झोपले.

सोमवार

पाऊस. दिवसभर स्वयंपाकघरात.

इथे घरात शिरायचं ते मागच्या दाराने, पुढचं दार फक्त पाद्री आणि मयत यांच्यासाठी असं सासरे म्हणतात. मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं आणि येणारा प्रत्येकजण आधी बूट काढतो मग ‘पानाद’ घेतो, म्हणजे चहा. पोस्टमन, जनावरांचा डॉक्टर, शेजारी, सगळे. आणि चहाबरोबर बारा ब्रीथ, म्हणजे मनुकांचा गोड ब्रेड, असायलाच हवा.

आदल्या रात्री सासूबाईंनी मोठ्या वाडग्यात मनुका, काळ्या मनुका आणि ब्राउन साखर घेऊन त्यावर कडक गरम चहा ओतून ठेवला होता, दुधाशिवाय. सकाळी मनुका टम्म फुगलेल्या, सगळा चहा पिऊन टाकलेला. त्यात अंडं, सेल्फ रेझिंग मैदा, मिक्स मसाला म्हणजे दालचिनी जायफळ वगैरे. लोणी, तेल काही नाही. लांबट टिनमध्ये घालून मंद ओव्हनला दीड तास. सासूबाई वजनकाटा वापरत नाहीत, त्यांच्याकडे एक कानतुटका निळा कप आहे, सगळं माप त्याच कपाने, मैद्याला कप काठोकाठ आणि साखरेला कानाच्या तुटलेल्या खुणेपर्यंत. मी ते माप वहीत उतरवायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या कप तुलाच मिळणार आहे, लिहितेस कशाला. मला एकदम भरूनच आलं. शेवटी लोण्याचा जाड थर लावून खायचं, आणि तो थर जाड हवा, पातळ लावलेला इथे कंजूसपणा समजतात.

मी बदल्यात कांदेपोहे केले. सासरे त्यावर लिंबाऐवजी व्हिनेगर घालतात, आता सवय झाली आहे मला बघायची.

मंगळवार

ऊन पडलं. पुतणीबरोबर गावातून खाली समुद्रापर्यंत चालत गेले. पुतणी म्हणजे दिराची मोठी मुलगी, चोवीस वर्षांची, बँगोरच्या हॉस्पिटलात नर्स, आणि ती राहते शेतातल्या कॅरॅव्हॅनमध्ये. कारण गावात तिला घर परवडत नाही. हे मी नीट लिहिणार आहे, कारण इथे फिरायला येणाऱ्या माझ्या मराठी मित्रमंडळींना ही बाजू दिसत नाही, त्यांना छान दगडी कॉटेज आणि समुद्र दिसतो.

ती चालता चालता सांगत होती. हे घर शाळेतल्या बाईंचं होतं, आता सुट्टीचं घर. हे लोहाराचं, त्याची मुलं बाहेरगावी, विकलं, आता आठवड्याच्या भाड्याने देतात. त्या दाराशेजारी भिंतीवर नंबरवाली छोटी पेटी आहे ना, किल्लीची, ती दिसली की समजायचं. मग मीच मोजायला लागले आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं. ऑगस्ट असल्यामुळे सगळीकडे गाड्या होत्या, टॉवेल वाळत होते, पण नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला इथे अंधार असतो आणि या ओळीत एकाच खिडकीत दिवा असतो.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. बंद घरं मला नवीन नाहीत, आमच्या वाडीतही किल्ली शेजाऱ्याकडे आणि माणसं मुंबईला, गणपतीत आणि शिमग्याला कुलूप निघतं. पण एक मोठा फरक आहे आणि तो मला त्या दिवशी नीट कळला. आमची घरं बंद असली तरी ती आमचीच आहेत, चाकरमानी येतो तो आरती पाठ असलेला, पालखी कुठून फिरते ते माहीत असलेला. इथे घर बंद होतं तेव्हा ते शहरातल्या पैसेवाल्याचं झालेलं असतं, त्याला गाव आवडतं म्हणूनच तो घेतो, माणूस वाईट नसतो, पण त्याची पोरं इथल्या शाळेत जात नाहीत. अबरसॉख हे आमच्यापासून जवळच, बोटींसाठी आणि महागड्या घरांसाठी प्रसिद्ध, तिथल्या प्राथमिक शाळेला 2021 च्या डिसेंबरअखेर कायमचं कुलूप लागलं. मुलं अगदी मोजकीच उरली होती. शाळा गेली की वेल्श बोलणारी पुढची पिढी कुठे एकत्र जमणार, दुकानात? दुकानही उन्हाळ्यापुरतं.

इथल्या ग्विनेद कौन्सिलने 2023 च्या एप्रिलपासून दुसऱ्या घरांवर दीडशे टक्के जादा कर लावला. पुतणी म्हणाली चांगलं आहे, पण ज्याला समुद्राकाठी दुसरं घर परवडतं त्याला करही परवडतो. तिला नाइट ड्युटीहून येऊन कॅरॅव्हॅनमध्ये हीटर लावून झोपावं लागतं, मी तिची काकू म्हणून रागावू शकते एवढंच, पण राग आलाच. आम्हीही तर सुट्टीलाच येतो इथे, हे मी तिला म्हटलं, तर म्हणाली काकू, तुम्ही घरी येता, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

बुधवार

बोद्यान. आइस्तेदवॉदचं मैदान म्हणजे शेतांवर उभारलेलं अख्खं गाव, मोठा मंडप, पुस्तकांचे तंबू, खाण्याच्या गाड्या, कुठे कॉयर, कुठे विज्ञान, कुठे लहान मुलांची सर्कस. आणि सगळं वेल्शमध्ये. स्टेजवर फक्त वेल्श हा नियम 1950 पासून आहे, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी कानात लावायचं भाषांतराचं यंत्र मिळतं.

सासूबाईंना गेटपासून मंडपापर्यंत जायला दीड तास लागला. शाळेतल्या मैत्रिणी, डेअरीवाले, कुणाची सून, कुणाचा व्याही, प्रत्येकाशी थांबायचं, हवामान, कुणाला काय झालं, आणि मग ‘ही आमची सून’ म्हणून मला पुढे करायचं. मी नांत ग्वर्थेरिनला वेल्श शिकले असं सांगितलं की लोकांचा चेहरा बदलतो. ती जागाच तशी आहे. लीनच्या उत्तर किनाऱ्यावर डोंगराच्या तळाशी ग्रॅनाइट खाणीच्या कामगारांचं गाव होतं, खाण बंद पडली, 1959 पर्यंत शेवटची माणसंही गेली, छपरं पडली. जवळच्या गावातले डॉक्टर कार्ल क्लाउस यांनी पुढाकार घेतला, लोकांनी पैसे जमवले आणि 1978 मध्ये ते ओसाड गाव विकत घेऊन तिथे वेल्श शिकवायचं केंद्र काढलं. त्याच घरांमध्ये राहून मी शिकले. वरच्या लिथवाइन गावातला पब बंद पडणार होता तर 1988 मध्ये गावकऱ्यांनी शेअर काढून तोही घेतला, आजही चालतो. मंगळवारचं सगळं डोक्यात होतं म्हणून पुतणीला मी मुद्दाम हे म्हटलं, ती म्हणाली हो, पण पब घेणं सोपं आहे काकू, घरं किती घेणार.

लेक दिवसभर सर्कशीच्या तंबूत. धाकट्याने तीन आइस्क्रीमं खाल्ली, तेही टाइडच्या पैशाने.

गुरुवार

एन्ली बेट. अबरदारोनजवळच्या छोट्या खाडीतून बोट सुटते, वीसेक मिनिटांचा प्रवास, पण मधल्या समुद्राचा प्रवाह एवढा जोराचा की बोट निघणार की नाही हे त्या सकाळीच कळतं. निघाली. मध्ययुगात इथे तीनदा यात्रा केली की रोमच्या एका यात्रेचं पुण्य असं मानत आणि वीस हजार संत इथे पुरले आहेत अशी श्रद्धा. मठाचा एक पडका मनोरा उरलाय. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा चौकोनी दीपस्तंभ 1821 चा. खडकांवर सील लोळत होते, माणसासारखे मान वर करून बघतात. एक सफरचंदाचं झाड आहे भिंतीला टेकलेलं, 1998 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की ही जातच वेगळी आहे, आता त्याची कलमं जगभर गेलीत, सासूबाईंच्या परसातही एक आहे.

परत येताना लाटांनी सगळे ओले. अबरदारोनला चिप्स खाल्ले, घरी आलो, झोपलो.

शुक्रवार

खुर्चीचा दिवस. नवरा, सासूबाई आणि लेक बोद्यानला गेले. सासऱ्यांचा गुडघा बुधवारच्या चालण्याने धरला होता, मी आणि धाकटा त्यांच्याबरोबर घरी, स्वयंपाकघरातल्या टीव्हीसमोर. एस-फोर-सी हे वेल्श चॅनेल लाइव्ह दाखवतं. या चॅनेलचाही सासऱ्यांना अभिमान आहे कारण 1980 च्या सुमारास सरकारने वेल्श चॅनेलचं वचन मोडलं तेव्हा हजारो लोकांनी टीव्ही लायसन्सचे पैसे भरायला नकार दिला, त्यात हेही होते. वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनवोर एव्हान्स यांनी आमरण उपोषण करीन म्हणून जाहीर केलं, आणि सरकार वाकलं. 1982 च्या नोव्हेंबरात चॅनेल सुरू झालं. सासरे म्हणतात मी या टीव्हीत भागीदार आहे.

कार्यक्रम असा: छंदोबद्ध दीर्घ कवितेची स्पर्धा, विजेत्याला बक्षीस म्हणून खुर्ची, सगळ्या कविता टोपणनावाने आलेल्या. परीक्षक स्टेजवर उभं राहून निकाल वाचतात. कुणीच लायक नसेल तर खुर्ची रिकामी ठेवतात, 2013 मध्ये ठेवली होती. विजेता असेल तर मंडपात अंधार करतात, टोपणनाव पुकारतात, तुतारी वाजते, आणि त्या नावाच्या माणसाने तेवढं उठून उभं राहायचं. प्रकाशाचा झोत त्याला शोधत फिरतो. तोपर्यंत शेजारी बसलेल्यालाही माहीत नसतं.

तुतारी वाजेपर्यंत सासऱ्यांनी धाकट्याला हेद विन या कवीची गोष्ट सांगितली. त्राउसवनिदच्या मेंढपाळाचा मुलगा, ज्या रस्त्याने आपण आलो तिथलाच. 1917 चं आइस्तेदवॉद बर्कनहेडला होतं. टोपणनाव पुकारलं, कुणी उठलंच नाही. तो जुलैच्या 31 तारखेला बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड टाकलं आणि ती तशीच त्याच्या आईवडिलांच्या शेतावर पाठवली, आजही त्या घरात आहे. धाकटा म्हणाला, मग त्याच्या आईला कुणी सांगितलं? सासरे थोडे थांबले आणि म्हणाले, तिला आधीच कळलं होतं बाळा.

मग इकडे तुतारी वाजली. झोत फिरत फिरत थांबला, अॅलन लुइड. सासऱ्यांनी टेबलावर हात आपटला, कप उडाले. पंचाहत्तर वर्षांचा हा कवी, लहानपण याच लीनमध्ये गेलेलं, पहिली खुर्ची 1973 ची, बरोब्बर पन्नास वर्षांनी परत, तेही आपल्या मुलखात. त्याला झगा चढवला, स्टेजवर नेलं, डोक्यावर भलीमोठी तलवार अर्धी म्यानातून काढलेली, आणि तीनदा विचारलं, शांतता आहे ना? सगळा मंडप गरजला, हेदूख, म्हणजे शांतता! आणि सासरे, दुखऱ्या गुडघ्याचे, टेबलाला धरून उभे राहून स्वयंपाकघरात तीनही वेळा गरजले. तिसऱ्या वेळी धाकटाही खुर्चीवर चढून. कुत्रा भुंकायला लागला.

आपल्याकडे साहित्य संमेलनात अध्यक्ष कोण होणार यावर महिनोनमहिने चर्चा होते, तेही आपलंच आणि मला प्रिय आहे, पण एका शेतकऱ्याने कवितेसाठी असं उठून उभं राहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

गर्दीत सासूबाई दोन सेकंद दिसल्या, डोळे पुसताना. सासऱ्यांनी ते रात्री त्यांना सांगितलं, त्या म्हणाल्या मी चष्मा पुसत होते.

शनिवार

सकाळी डिकीत बटाट्याची पिशवी, डझनभर अंडी, दोन बारा ब्रीथ, लोणी आणि सफरचंदाचं एक रोप कुंडीसकट. निळा कप सध्या सासूबाईंकडेच.

लेक आमच्याबरोबर निघाली नाही. आदल्या रात्री तिने स्वतःच ठरवलं की उरलेली सुट्टी नाइनकडे काढायची, महिनाअखेरीस चॅपलमध्ये मुलांचा कार्यक्रम आहे, त्यात दुसऱ्या आवाजाला माणसं कमी आहेत. पुतणीच्या कॅरॅव्हॅनमधला बाक तिला झोपायला मिळणार म्हणून जास्त खूश. नवऱ्याने रस्त्यात हळूच विषय काढला, दिराच्या वरच्या शेताच्या कोपऱ्यात पुतणीसाठी छोटं घर बांधायला परवानगी मिळेल का, त्याने आणि दिराने बुधवारी मैदानावर एका आर्किटेक्टशी बोलून ठेवलंय. स्थानिक माणसांसाठीची घरं अशा अटीवर परवानगी मिळू शकते, कागदपत्रं बरीच आहेत. म्हटलं आपल्याकडून पैशाचं बघू, तू आधी अर्जाचं बघ. ऑगस्टच्या शेवटच्या बँक हॉलिडेला लेकीला आणायला जाणार आहोत तेव्हा जागेचं मोजमाप करायचं ठरलंय.